शिबिर झालं तरी मार्गशीर्षात पिल्लं तेवढीच का? किनाऱ्यावरच्या वाडीसाठी तपासणीचा क्रम

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ही तक्रार दरवर्षी येते. मे महिन्यात शिबिर होतं, तीस कुत्र्यांची नसबंदी होते, फोटो निघतात. मार्गशीर्ष उजाडतो तेव्हा बर्फ कारखान्यामागे, पडक्या मांगरात (शेतातल्या खोपटात), ओढून ठेवलेल्या होडीखाली पुन्हा पिल्लं कुईकुई करत असतात. मग ग्रामसभेत कुणीतरी म्हणतं, पैसे पाण्यात गेले, सगळी गाडीत भरा आणि घाटात सोडून या.

शस्त्रक्रिया सहसा फसलेली नसते. हिशेब चुकलेला असतो आणि मासळीची घाण उघडी पडलेली असते. खाली आधी लक्षणं आहेत, मग फुकटात होणाऱ्या तपासण्या, आणि खर्चाच्या व जोखमीच्या शेवटी. वरच्या तपासण्या वगळून थेट दुसऱ्या शिबिराचा खर्च करू नका.

आधी एक अपवाद. कुत्र्याची लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे, आवाज बदलला आहे, दिसेल त्याला किंवा नुसत्या हवेत चावतं आहे, मागचे पाय ओढतं आहे, यातलं काहीही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका. थेट 'इथे थांबा' या भागावर जा.

लक्षणं

- कानाला खाच असलेली, म्हणजे नसबंदी झालेली कुत्री दिसतात, पण त्यांच्याबरोबर आचळं लोंबणाऱ्या माद्याही फिरतात. शिबिरातून माद्या सुटल्या आहेत. ही सगळ्यात जास्त आढळणारी अवस्था.
- पिल्लं फारशी नाहीत, पण मोठी, अनोळखी कुत्री वाढली. बाहेरून येत आहेत किंवा कुणी आणून सोडत आहे.
- संख्या तीच, पण जून-जुलैत कोंबड्या जायला लागल्या, मासळीच्या टोपल्यांवर झडप, चावे वाढले. उपासमारीचं लक्षण.
- एका मादीमागे सात-आठ नर, रात्रभर भुंकणं, पाखाडीवरून (पायऱ्यांच्या वाटेवरून) जाणाऱ्या माणसाच्या अंगावर येणं. माजाचा काळ. 'भाद्रपदातली कुत्री' हे मराठीत उगाच आलेलं नाही.
- 'नसबंदी झालेला कुत्रा मादीला लागला, डॉक्टरने फसवलं.' बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. नराच्या शरीरात आधीचे शुक्रजंतू काही आठवडे राहतात आणि सवयीने तो त्यानंतरही लागू शकतो. महिनाभर वाट पाहा.
- मांजरांच्या बाबतीत: रात्री तान्ह्या मुलासारखं रडणं, पडवीत बोक्याच्या मुताचा उग्र दर्प, वर्षात दोन-तीनदा पिल्लं. मांजरांचा क्रम वेगळा आहे, तो पुढे.

पहिली तपासणी: पहाटे मोजा

खर्च शून्य. लागतात दोन माणसं, एक मोबाईल आणि दोन पहाटा. वेळ उजाडता उजाडता, साधारण साडेपाच ते साडेसात. ऊन चढलं की कुत्री सुरूच्या बनात, कांदळवनात, गाड्यांखाली दडतात, आणि मग मोजणी निम्म्यावर येते. पावसाच्या दिवशी मोजू नका.

पहिल्या पहाटे ठरलेल्या एकाच वाटेने जा आणि प्रत्येक कुत्र्याचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, कारण डाव्या अंगावरचा ठिपका उजव्या अंगावर नसतो. प्रत्येकासमोर नर की मादी, कानाला खाच आहे का, मादी दुधाळ आहे का, एवढं लिहा. दुसऱ्या पहाटे तीच वाट, तोच वेळ.

आता गणित. समजा पहिल्या पहाटे ४० कुत्री टिपली. दुसऱ्या पहाटे ३६ दिसली आणि त्यातली २४ आदल्या दिवशीच्या फोटोंत आहेत. ४० गुणिले ३६ भागिले २४, म्हणजे वाडीत अंदाजे ६० कुत्री. नुसत्या नजरेने कुणी ४०च सांगितली असती. पहिल्या पहाटे जी २० दिसली नाहीत ती बहुधा बुजरी असतात, आणि बुजऱ्यांत माद्या भरपूर.

मोजणी आधी का, तर ग्रामपंचायतीच्या कागदावर किती शस्त्रक्रिया झाल्या ते असतं, किती माद्या राहिल्या ते नसतं. उपयोगाचा आकडा दुसरा. वहीच्या पहिल्या पानावर तोच मोठ्या अक्षरात लिहा.

दुसरी तपासणी: झालेल्यांत माद्या किती?

शिबिराची यादी मागा आणि नर-मादी वेगळे करा. चहाच्या टपरीशी, एसटी थांब्यावर लोळणारे माणसाळलेले कुत्रे पकडायला सोपे, आणि त्यांत नर जास्त. तीस शस्त्रक्रियांत वीस नर निघाले तर आकडा छान दिसतो, पिल्लं मात्र कमी होत नाहीत. वाडीत दोन नर उरले तरी सगळ्या माद्यांना पुरतात. पैसा मर्यादित असेल तर आधी माद्या. नरांची नसबंदी मारामाऱ्या आणि भटकणं कमी करायला उपयोगी आहे, पण ती दुसऱ्या फेरीत.

किती माद्या झाल्या म्हणजे पुरेसं, हे एका उदाहरणात पाहा. वाडीत २४ माद्या आहेत, ८ झाल्या, १६ राहिल्या. प्रत्येकीला पाच पिल्लं धरली तर ८०. गाडीखाली, पार्व्हो या विषाणूच्या आजाराने, पावसात गारठून पाचातली चार मेली तरी १६ जगतात, त्यांत निम्म्या माद्या म्हणजे ८. सोळा अधिक आठ, पुन्हा २४. वर्षभराचा खर्च करून न झालेल्या माद्या जिथे होत्या तिथेच.

त्याच वाडीत एका हंगामात २० माद्या केल्या तर राहतात ४. पिल्लं २०, जगणारी ४, त्यांत माद्या २. पुढच्या वर्षी सहा माद्यांचं काम उरतं, तेही एका खेपेत. म्हणून दहा गावांत थोडी थोडी शिबिरं घेण्यापेक्षा एक वाडी पुरी करून पुढच्या वाडीला जा. तालुक्याच्या नेत्यांना हे आवडत नाही, कारण प्रत्येक गावाला आपला फोटो हवा असतो.

तिसरी तपासणी: मासळीची घाण

किनाऱ्यावर कुत्र्यांची संख्या ठरते ती मासळीवर. लिलाव झाला की वाळूत टाकलेली बारीक मासळी, साफ करून फेकलेली डोकी, आतडी, खवले, जाळ्यातून झटकलेले खेकडे, सुकत घातलेल्या मासळीची गळती. यावर किती पोटं भरतात तेवढी कुत्री तिथे टिकतात. एक उचललं तर तिथलं अन्न मोकळं होतं आणि शेजारच्या वाडीतलं येऊन बसतं. घाटात नेऊन सोडण्याचा उपाय फसतो तो इथेच. शिवाय ते बेकायदा आहे, आणि घाटात सोडलेलं कुत्रं एकतर बिबट्याला आयतं मिळतं किंवा जंगलातल्या प्राण्यांना डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) आणि रेबीज देतं.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दहा महिने भरपेट खाणारी टोळी अचानक उपाशी पडते आणि वाडीत शिरते. वर सांगितलेले जून-जुलैचे चावे आणि कोंबड्या याच काळातल्या. मग नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटतात, अन्न परत येतं, आणि पाठोपाठ भाद्रपदाचा माज.

करायचं काय? लिलावाच्या आणि मासळी साफ करण्याच्या जागी झाकणाचे २०० लिटरचे ड्रम ठेवा. कुत्रं ड्रम आडवा पाडतं, म्हणून तळाला दोन चिरे घाला, झाकण साखळीने बांधा आणि तळापासून वीतभर वर गळतीसाठी नळ बसवा. ड्रम संध्याकाळी रिकामे व्हायला हवेत. सकाळी उचलण्याची पद्धत असेल तर रात्रभर मेजवानी चालू राहते आणि सगळा खर्च फुकट. घाण माडांना घालायची तर खड्डा किमान अडीच फूट खोल, वर मातीचा थर आणि त्यावर चिरे. फूटभर खड्ड्यात पुरलेली आतडी कुत्री त्याच रात्री उकरतात. तळ विहिरीपासून दूर आणि पावसाळी भरणाऱ्या पाण्याच्या वर हवा.

ड्रम आले तर पहिला महिनाभर कुत्री जास्त त्रासदायक वाटतील, कारण अन्न कमी झालं आणि संख्या तीच. नसबंदी आधी किंवा बरोबरीने चालू असेल तरच अन्न आवळा. एकदम सगळं बंद केलं तर टोळी घराघरांत शिरते.

चौथी तपासणी: खाऊ घालणारे कोण, कुठे, कधी?

त्यांच्याशी भांडू नका, तुम्हाला त्यांचीच गरज आहे. कोणती मादी कुठे व्यायली, कोणती माजावर आली, कोणतं कुत्रं हाताला येतं, हे पशुवैद्यापेक्षा त्या मावशींना जास्त ठाऊक असतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्यासाठी जागा आणि वेळ ठरवून देण्याची तरतूद आहे: मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने आणि दारं यांपासून दूर, लोकांची वर्दळ कमी असेल अशा वेळी.

प्रत्यक्षात वाडीच्या कडेला दोन-तीन जागा ठरवा. रोज एकच वेळ, वीस मिनिटांत संपेल एवढंच अन्न, उरलेलं उचलून नेणं. असं पंधरा दिवस केलं की बुजऱ्या माद्याही वेळेवर येऊन थांबतात आणि पकडणं अर्धं सोपं होतं. खाणं नेमून देण्याचा खरा फायदा हाच.

पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) मात्र खाऊ घालू नका, पर्यटकांनाही घालू देऊ नका. वेळास, आंजर्ले, वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, आणि वास लागलेलं कुत्रं ती एका रात्रीत फस्त करतं. उबवणी केंद्राचं कुंपण आहे म्हणून ती वाचतात, पण केंद्रात हलवण्याआधीच्या काही तासांत घरटं उघडंच असतं.

पाचवी तपासणी: मालकाची, पण मोकळी कुत्री

सगळ्यांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित जागा. भटक्यांच्या यादीत ही नसतात आणि पाळीवांची यादी कुणी केलेली नसते. वानर-माकडांपासून राखण म्हणून कलमांच्या बागेत चार-पाच कुत्री, त्यांत दोन माद्या. आंब्याचा हंगाम संपतो, राखणीची माणसं आपापल्या गावी जातात, कुत्री मागे राहतात आणि पावसात वाडीकडे उतरतात. होमस्टेवर मे महिन्यात पाहुण्यांच्या मुलांना खेळायला आणलेलं पिल्लू गणपतीपर्यंत मोठं होतं आणि गडग्याबाहेर (दगडी कुंपणाबाहेर) जातं. गणपतीला आलेल्या चाकरमान्याला मुंबईचा फ्लॅट आठवतो आणि कुत्रं घरच्या म्हाताऱ्यांकडे राहतं.

वाडीतल्या प्रत्येक घरी आणि बागेत जाऊन विचारा: मादी आहे का, बांधलेली असते का, नसबंदी झाली का, रेबीजची लस कधी दिली. 'आमची बाहेर जात नाही' या उत्तरावर विश्वास ठेवू नका, नर बेड्यावरून (आवाराच्या फाटकावरून) उडी मारून आत येतात. शिबिरातल्या जागांपैकी काही मालकीच्या माद्यांसाठी राखून ठेवा. मालकाला खाच नको असते, 'कान कापू नका' म्हणून तो अडतो. त्याला पट्टा आणि कार्ड द्या, वाद वाढवू नका.

माज थांबवायचं इंजेक्शन मागणारेही भेटतात. स्वस्त वाटतं, पण त्या हार्मोनमुळे गर्भाशयात पू होणं आणि स्तनात गाठी येणं याचा धोका असतो. मग होणारी शस्त्रक्रिया साध्या नसबंदीच्या कितीतरी पट महाग आणि जीवावरची.

सहावी तपासणी: शिबिर पंचांगाला धरून होतं का?

बहुतेक माद्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात, गर्भ साधारण ६३ दिवस असतो, आणि पिल्लं कार्तिक ते पौषात दिसतात. ऑक्टोबरात शिबिर घेतलंत तर अर्ध्या माद्या गाभण निघतात. अशा शस्त्रक्रियेत रक्तस्राव जास्त, वेळ दुप्पट, आणि एका दिवसात होणारी संख्या घटते. डिसेंबरात घेतलंत तर माद्या दूध पाजत असतात. त्यांना उचललं तर पिल्लं उपाशी मरतात, म्हणून पिल्लं दोनेक महिन्यांची होऊन दूध सुटेपर्यंत मादी पकडत नाहीत. सहा महिन्यांच्या आतली पिल्लंही अशा मोहिमेत घेत नाहीत.

उरते फाल्गुन ते वैशाख ही खिडकी. माद्या ना गाभण ना दुधाळ, रस्ते कोरडे, जखमा लवकर भरतात. मोठं शिबिर मार्चमध्ये सुरू करून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटपा. नंतर उन्हाळ्यात टेम्पोत कुत्र्यांना ऊन लागतं, म्हणून वाहतूक सकाळी नऊच्या आत. जून ते सप्टेंबर मोठं शिबिर नको: टाके ओले राहतात, माशा बसतात, जखमेत किडे पडतात. पावसाळा मोजणीला, ड्रम बसवायला आणि कागदपत्रांना वापरा.

सातवी तपासणी: शिबिर कसं होतं?

आता खर्च सुरू होतो. करार करण्याआधी संस्थेला किंवा डॉक्टरांना हे विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची प्रकल्पासाठी मान्यता आहे का? २०२३ च्या नियमांनुसार ती लागते. मंडप टाकून एका दिवसात कापून संध्याकाळी सोडणारं शिबिर कितीही स्वस्त असलं तरी नको. मादीला शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस कोरड्या पिंजऱ्यात ठेवायची जागा असायला हवी. त्यामुळे रोजची संख्या शस्त्रक्रियांच्या टेबलावर ठरत नाही, पिंजऱ्यांवर ठरते: वीस पिंजरे आणि चार दिवसांचा मुक्काम असेल तर रोज सरासरी पाच. कुणी रोज पंचवीसचं आश्वासन देत असेल तर पिंजरे मोजून या.

काढलेल्या अवयवांची मोजणी कोण करणार हेही ठरवा. शस्त्रक्रियांचं बिल आणि अवयवांचा आकडा जुळला पाहिजे. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. कोकणात पावसापूर्वीच्या वाऱ्यात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर किंवा बर्फाची पेटी आणि आत थर्मामीटर. गरम झालेली लस दिसायला तशीच असते, काम करत नाही.

पकडताना जाळी किंवा कापडी फास वापरा, लोखंडी चिमटे नकोत. चिमट्याने धरलेलं कुत्रं पुढच्या वेळी गाडीचा आवाज ऐकून पळतं आणि त्याला पाहून टोळीही पळते. आदल्या रात्रीपासून ठरलेल्या जागी खाऊ घालणं थांबवा, मोठ्या कुत्र्याचं पोट आठ ते बारा तास रिकामं हवं. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाते, आणि शिबिरातल्या टाळता येण्याजोग्या मृत्यूंचं हे एक मोठं कारण आहे. मासळी बाजाराजवळच्या कुत्र्यांना तुम्ही उपाशी ठेवू शकत नाही. त्यांना आदल्या संध्याकाळीच पकडून ठेवा.

प्रत्येक कुत्र्याच्या पट्ट्यावर किंवा टॅगवर पकडल्याची नेमकी जागा लिहा: 'गाव' लिहून भागत नाही, 'खालची पाखाडी, पिंपळाजवळ' असं हवं. चुकीच्या वाडीत सोडलेलं कुत्रं तिथल्या टोळीकडून फाडलं जातं किंवा परतताना हमरस्त्यावर मरतं.

सोडण्याच्या जागेबद्दल न्यायालयाचे आदेश वाचून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी नसबंदी, लस आणि जंतनाशक दिलेली कुत्री मूळ जागीच सोडायला सांगितलं, रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळून. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं-आगारं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे एसटी आगारातून उचलण्याआधी निवाऱ्याची सोय हवी. शिबिर ठरवताना ताजा आदेश मुख्याधिकाऱ्यांकडून किंवा ग्रामसेवकाकडून लेखी मागा.

सोडल्यावर आठवडाभर जखम लांबून पाहा. खाणं दिवसापेक्षा जास्त बंद, हिरड्या पांढऱ्या, पोट फुगलेलं किंवा टाके उघडलेले दिसले तर लगेच डॉक्टर. जखमेत किडे दिसले म्हणून डिझेल, फिनाईल, डांबरगोळ्यांची पूड घालू नका.

आणि लसीचं विसरू नका. नसबंदी आयुष्यात एकदाच, रेबीजची लस दरवर्षी. दर वर्षी ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. शेजारच्या गोव्यात हे घरोघर फिरून, जाळ्या घेऊन, वर्षानुवर्षं केलं गेलं, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. किनारा तोच, कुत्री त्याच जातीची.

मांजरांचं वेगळं

भाटी (मांजरी) चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येते. म्हणून 'पिल्लं मोठी होऊ द्या, मग बघू' म्हणेपर्यंत दुसरी वेत आलेली असते. कुत्र्यांसारखी ठरावीक खिडकी इथे नाही, आपल्याकडे मांजरं वर्षाचा बराच भाग वितात.

मांजर जाळीने पकडू नका. झडपेचा पिंजरा, साधारण अडीच फूट लांब आणि फूटभर रुंद, खाली वर्तमानपत्र, मागच्या टोकाला बांगडा किंवा तळलेल्या सुक्या मासळीचा तुकडा. तीन दिवस दार बांधून उघडंच ठेवा आणि आत खायला घाला, चौथ्या दिवशी झडप लावा. पकडलं की पिंजऱ्यावर लगेच चादर टाका, अंधारात मांजर शांत होतं. पिंजरा लावून निघून जाऊ नका. तासाभराने बघा, कारण उन्हात अडकलेलं मांजर मरतं आणि गळाला मुंगूसही लागतं. एका जागेतल्या सगळ्या भाट्या सलग आठवड्यात उचला. एक राहिली की सगळं पुन्हा.

नसबंदी झालेल्या मोकळ्या मांजराच्या कानाचं टोक सरळ कापतात, कुत्र्याला व्ही आकाराची खाच असते. लांबून दिसावं म्हणून हे आवश्यक आहे. नाहीतर तीच भाटी दुसऱ्यांदा टेबलावर जाते.

मांगरात एकटी दिसलेली पिल्लं लगेच उचलू नका. आई बहुधा बाजारात गेलेली असते. काही तास लांबून पाहा. आणि तापलेल्या मांजराला घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळीही मारू शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरची परमेथ्रिन असलेली औषधंही मांजराला विष आहेत.

इथे थांबा

पुढच्या परिस्थितीत स्वतः हात घालू नका.

रेबीजचा संशय: माणसं आणि गुरं लांब करा. शक्य असेल तर कुत्रं ज्या आवारात आहे त्याचं बेडं लावून घ्या, जवळ जाऊ नका, दगड मारू नका. पशुवैद्यकीय दवाखाना आणि ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत यांना कळवा. मेलं तरी उघड्या हाताने उचलू नका. ते चावलेल्या प्रत्येक माणसाचं आणि जनावराचं नाव लिहा. चावलेल्या गाईचं दूध न उकळता पिऊ नका आणि डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

चावा: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तेल, मिरची काही लावू नका. मग त्याच दिवशी रुग्णालय. स्नायूत दिल्यास लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते प्राथमिक केंद्रात नसण्याची शक्यता असते, म्हणून निघण्याआधी उपजिल्हा रुग्णालयात फोन करा. कुत्रं दहा दिवस जिवंत राहतं का हे पाहायचं, पण त्यासाठी पहिलं इंजेक्शन थांबवायचं नाही. लहान मुलांची जखम केसांत लपते, डोकं नीट चाचपा.

मादीच्या किंवा नराच्या मूत्रमार्गाशी रक्ताळलेली, फुलकोबीसारखी गाठ: संगातून पसरणारा कर्करोग असण्याची शक्यता असते. शिरेतून आठवड्याला एक अशी इंजेक्शनं काही आठवडे द्यावी लागतात, औषध हाताळणाऱ्यालाही घातक असतं. पशुवैद्याचंच काम, आणि बरा होणारा आजार आहे.

कुत्र्यांच्या मागे बिबट्या वाडीत यायला लागला, किंवा कुत्रं कासवाच्या घरट्यावर सापडलं: वन विभाग, हेल्पलाईन १९२६.

कुणी विष घालतंय असा संशय: अन्नाचे नमुने, उलटी, मेलेलं जनावर यांना हात न लावता फोटो घ्या आणि ११२ वर कळवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली हा गुन्हा आहे. पोस्टमॉर्टेमशिवाय तक्रार लंगडी पडते, म्हणून पुरण्याआधी पशुवैद्याला बोलवा. शेतात वापरायचं विष खाल्लेलं कुत्रं कावळे, घारी, डुकरं खातात आणि ते पुढे जातं.

संख्या शंभराच्या वर असेल, किंवा एका वाडीत दोन हंगाम माद्या करूनही पिल्लं तेवढीच असतील, तर गावपातळीवर ते सुटणार नाही. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला मोजणीच्या वहीसह भेटा, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे अर्ज द्या आणि शेजारच्या दोन वाड्यांचे ठराव जोडा. अर्जात 'कुत्र्यांचा बंदोबस्त करा' एवढंच लिहाल तर तो फाईलमध्ये पडेल. 'अमुक वाडीत न झालेल्या माद्या ३१, त्यांपैकी मालकीच्या ११, पकडण्याच्या जागा सोबतच्या नकाशात' असं लिहा.